उजव्या कुशीचा ताप

गरोदरपणी कंबर दुखते, त्यात नवल ते काय, असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पोट पुढे येऊ लागले की पाठीला बाक येतो, सांध्यांचे बंध सैलावतात आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करणारीला संध्याकाळी कंबर सरळ करणे जड जाते. म्हणूनच माझ्या भाचीची उजवी कूस सहाव्या महिन्यात ठणकू लागली तेव्हा ऐरोलीच्या तिच्या घरात कोणी दचकले नाही. त्याआधी काही दिवस तिला उन्हाळी लागली होती, म्हणजे लघवीला जळजळ होत होती, त्यावर धण्या-जिऱ्याचे पाणी चालू होते. कुशीसाठी सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली आणि महापेच्या ऑफिसातली खुर्चीच वाईट, असा निकाल सर्वानुमते लागला. मग एका संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. दोन चादरी, वर गोधडी, तरी दातावर दात आपटत होते आणि तासाभरात ताप १०३ वर गेला. पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे घरच्यांच्या डोक्यात आधी आला तो डेंग्यू आणि पाठोपाठ मलेरिया. जावयांचा मला फोन आला तोही त्यासाठीच: "मावशी, तुमच्या लॅबमध्ये डेंग्यूची टेस्ट रात्री होते का?" मी म्हटले, तीही करू, पण आधी तिला नेमके कुठे दुखते ते बोट ठेवून दाखवायला सांगा. तिने बोट ठेवले ते पाठीमागे, शेवटच्या बरगडीच्या खाली, कण्याच्या उजव्या अंगाला. तिथे हलकी थाप मारताच ती कळवळली, असे ते म्हणाले, तेव्हा मी त्यांना सकाळची वाट न पाहता निघायला सांगितले.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राचे काम पाहते. लघवीचे नमुने, त्यांची कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू थाळीवर वाढवून पाहणे, आणि त्यांवर चालणारी प्रतिजैविके यांतच माझा दिवस जातो, त्यामुळे हा आजार मला कागदावर फार जवळून ठाऊक होता. मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या जंतुसंसर्गाला डॉक्टर पायलोनेफ्रायटिस म्हणतात. शंभर गरोदर स्त्रियांमध्ये एखाद-दुसरीला तो होतो, आणि बहुतेक वेळा पहिली तिमाही उलटल्यावर. आकडा लहान वाटला तरी, बाळंतपणाशी थेट संबंध नसलेल्या ज्या कारणांसाठी गरोदर स्त्रीला रुग्णालयात दाखल करावे लागते, त्यांत याचा नंबर बराच वरचा आहे.

उजवीच बाजू का, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. गर्भाशयाने वेळेआधी आकुंचन पावू नये म्हणून जे प्रोजेस्टेरॉन शरीरात वाढते, ते मूत्रवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायूही ढिले करते. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे लघवी ढकलणाऱ्या लाटा मंदावतात, नळ्या रुंदावतात आणि त्यांत लघवी तुंबून राहते. वाढते गर्भाशय थोडे उजवीकडे कलते. डाव्या मूत्रवाहिनीला त्या दाबापासून मोठ्या आतड्याच्या वळणाचा आडोसा मिळतो, उजवीला तो मिळत नाही, शिवाय उजव्या अंडाशयाची फुगलेली शीर तिच्यावरून आडवी जाते. निम्म्याहून अधिक जणींत हा संसर्ग केवळ उजव्या मूत्रपिंडात होतो आणि सुमारे पाव जणींत दोन्हींत. गरोदरपणी लघवीतून साखर आणि अमिनो आम्लेही जास्त जातात, म्हणजे साचलेली लघवी जंतूंना अधिक पौष्टिक होते. हे सगळे एवढ्यासाठी सांगायचे की भाचीला पाहायला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने तिच्या पाण्याच्या बाटलीवर खापर फोडले. पाणी कमी पिणे आणि लघवी दाबून धरणे चांगले नाहीच. पण नोकरीसाठी रोज लोकल पकडणारीला त्याबद्दल बोल लावण्याआधी स्थानकांवरच्या स्वच्छतागृहांत एकदा डोकावून यावे, आणि दिवसाला तीन लिटर पाणी पिणारीलाही हा आजार होतो हेही ध्यानात घ्यावे.

दहापैकी सात-आठ वेळा यामागे ई. कोलाय हा जंतू असतो, जो एरवी आपल्याच आतड्यात राहतो. लघवीच्या प्रवाहात टिकून वर चढायचे तर त्याला कुठेतरी घट्ट धरून राहावे लागते, आणि त्यासाठी त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात. १९८० च्या सुमारास स्वीडनमध्ये कॅथरिना स्वान्बोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मूत्रपिंडापर्यंत पोचणाऱ्या जंतूंकडे बहुधा पी तंतू नावाचे विशिष्ट तंतू असतात आणि ते मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या पेशींवरील एका शर्करायुक्त स्निग्ध पदार्थाला चिकटतात. काही जाती आणखी पुढे जातात. आपल्या रक्तातली पूरक प्रथिने जंतूंना मारतात. त्यांचा मार आपल्याच पेशींवर पडू नये म्हणून पेशींच्या पृष्ठभागावर डीएएफ नावाचे एक संरक्षक प्रथिन असते, आणि गर्भाचे रक्षण करायचे असल्यामुळे वारेवर तर ते भरपूर असते. ई. कोलायच्या काही जाती नेमक्या याच प्रथिनाला चिकटतात, घराच्या रक्षणासाठी बसवलेल्या कडीलाच चोराने आपला दोर बांधावा तशा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. त्या संध्याकाळी भाचीला जे होत होते, म्हणजे हुडहुडी, ताप, मळमळ, धडधडणारी छाती आणि ठणका, त्यातले बहुतेक सगळे तिच्याच शरीराने उभे केलेले होते. जंतूने काम केले ते चिकटण्याचे आणि वाढण्याचे. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो, ज्याला जुन्या पुस्तकांत अंतर्विष म्हटलेले सापडते. तो ओळखणारा टीएलआर-४ हा ग्राहक आपल्या पेशींवर असतो. ही ओळख पटवणारे ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मूत्रमार्गाच्या अस्तराला जंतू चिकटला आणि हा ग्राहक जागा झाला की त्या पेशी काही तासांतच इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ हे संदेशवाहक रेणू सोडतात. इंटरल्यूकिन-८ चा माग काढत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांतून बाहेर पडतात, ऊतींतून वाट काढत अस्तर ओलांडतात आणि लघवीत उतरतात. इंटरल्यूकिन-६ रक्तातून यकृतापर्यंत जाते आणि यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करू लागते, तोच सीआरपी ज्याचा आकडा हल्ली व्हॉट्सॲपवर नातेवाइकांच्या गटात फिरतो. हेच रेणू मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला गाठतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीराने राखायचे तापमान वर सरकवले जाते. मेंदूने १०३ ठरवलेले असते आणि अंग अजून ९८ वर असते. तो फरक भरून काढण्यासाठी स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हिला थंडी वाजते आहे.

या सगळ्याच्या आधी एक शांत बंदोबस्त असतो, ज्याबद्दल फार कमी बोलले जाते. मूत्रपिंडातच तयार होणारे एक प्रथिन निरोगी माणसाच्या लघवीत इतर कुठल्याही प्रथिनापेक्षा जास्त असते. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये ते वेगळे केले. पुढे १९८५ मध्ये दोन संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या लघवीतून रोगप्रतिकाराचा जोर कमी करणारे एक प्रथिन वेगळे काढले, त्याला युरोमोड्युलिन असे नाव दिले, आणि दोनच वर्षांत कळले की ते टॅम-हॉर्सफॉल प्रथिनच आहे. ते ई. कोलायच्या काही तंतूंना आधीच धरून ठेवते, त्यामुळे जंतू अस्तरापर्यंत पोचण्याऐवजी लघवीबरोबर वाहून जातो. माझ्या कामात हे प्रथिन वेगळ्या रूपाने समोर येते. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमध्ये ते गोठले की त्या नलिकेच्या आकाराचे लांबट साचे तयार होतात, आणि त्यांत न्यूट्रोफिल अडकलेले असतील तर दाह, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराने उभी केलेली ही सगळी धावपळ, मूत्राशयापुरता नसून मूत्रपिंडात पोचला आहे, असा अंदाज बांधता येतो.

भाचीला दाखल केलेल्या रुग्णालयाने कल्चरचा नमुना आमच्याकडेच पाठवला होता. लघवी गढूळ होती. ती फिरवून खाली बसलेला गाळ काचपट्टीवर घेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पस सेल्स, म्हणजे लघवीत उतरलेल्या न्यूट्रोफिल पेशी, मोजण्याची सोयच उरलेली नव्हती. त्यांचे पुंजके एकमेकांना चिकटून संपूर्ण क्षेत्र व्यापून होते आणि दोन ठिकाणी ते लांबट साचे स्पष्ट दिसत होते, कडा समांतर, आत दाणेदार पेशी खच्चून भरलेल्या. इतकी वर्षे मी त्याला रुग्णाची लघवी म्हणत आले. त्या दिवशी नाव ओळखीचे होते एवढाच काय तो फरक. रिपोर्टवर लिहायचे ते मी इतर कुठल्याही रिपोर्टवर लिहिले असते तसेच लिहिले.

रक्ताच्या रिपोर्टने मात्र मला अस्वस्थ केले. पांढऱ्या पेशी १४,२०० होत्या आणि त्यांच्यासमोर ठळक अक्षरांत 'जास्त' असा शिक्का होता. मूत्रपिंडांचे काम मंदावले की वाढणारे क्रिएटिनिन १.० होते आणि त्यासमोर काहीच नव्हते, कारण छापील मर्यादा ०.६ ते १.२ होती. या दोन्ही मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांच्या आहेत. गरोदरपणी न्यूट्रोफिल वाढलेलेच असतात. धडधाकट गरोदर स्त्रीतही १५-१६ हजार पांढऱ्या पेशी आढळू शकतात आणि प्रसूतीच्या कळांत त्याहून बऱ्याच जास्त. म्हणजे ज्या आकड्यावर शिक्का होता त्यावरून एकट्याने फारसे काही सिद्ध होत नव्हते. उलट गरोदरपणी मूत्रपिंडातून गाळल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण सुमारे निम्म्याने वाढते, त्यामुळे क्रिएटिनिन खाली येऊन साधारण ०.४ ते ०.८ च्या दरम्यान राहते, आणि १.० म्हणजे तिची मूत्रपिंडे ताणाखाली असल्याची खूण होती. तिथल्या डॉक्टरांनी ती खूण बरोबर वाचली आणि सलाईनचे प्रमाण, लघवीचे मोजमाप यांची सूचना लगेच दिली. पण हा रिपोर्ट घरच्या माणसांनी आधी मोबाइलवर वाचला होता आणि त्यांना १४,२०० ची धास्ती आणि १.० चा दिलासा वाटत होता. ईएसआर या रक्तचाचणीचेही तसेच, गरोदरपणी तो एरवीही इतका चढलेला असतो की दाह ओळखायला त्याचा उपयोग जवळपास नाही. आमच्या लॅबच्या मालकांशी मी यावर बोलले आहे. नोंदणीच्या वेळी स्त्री गरोदर आहे का आणि कितवा महिना, हे विचारून त्यानुसार मर्यादा छापणे अवघड नाही. सॉफ्टवेअरवाल्याचे म्हणणे मात्र असे की त्यात तसा रकानाच नाही.

गरोदरपणी रोगप्रतिकारशक्ती कमी होते, हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकले आहे की त्याची शंकाही येत नाही. या कल्पनेमागे एक चांगला प्रश्न आहे. १९५३ मध्ये पीटर मेडावर यांनी तो विचारला: अर्धा वारसा वडिलांकडून घेतलेला गर्भ आईच्या शरीराला परकाच आहे, मग परक्याची त्वचा नाकारणारे शरीर हा गर्भ नऊ महिने कसा सांभाळते? त्यांनी सुचवलेल्या शक्यतांपैकी एक होती ती आईचा प्रतिकार मंदावण्याची, आणि तीच लोकांच्या मनात घट्ट बसली. नंतरच्या संशोधनात चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले. गर्भ रुजताना गर्भाशयात दाहासारखीच प्रक्रिया चालते; मधल्या महिन्यांत गर्भ वाढत असताना दाह आवरून धरला जातो आणि त्यात प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशींचा मोठा वाटा असतो; शेवटी कळा सुरू होतात तेव्हा पुन्हा दाह वाढतो, कारण प्रसूती ही स्वतःच बऱ्याच अंशी दाहाची प्रक्रिया आहे. न्यूट्रोफिल वाढतात, काही टी पेशींचा जोर ओसरतो. काही आजारांत गरोदर स्त्री धोक्यात असते हे खरेच. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये ते जगभर दिसले. पण सरसकट 'कमी' हा शब्द लावला की आपण पाहायचे थांबतो.

मूत्रपिंडाच्या संसर्गाबद्दल एक नेमका अभ्यास आहे. स्वान्बोर्ग यांच्याच गटाने १९९४ मध्ये, या आजाराने पछाडलेल्या गरोदर आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांची तुलना प्रसिद्ध केली, आणि गरोदर स्त्रियांमध्ये जंतूविरुद्धची प्रतिपिंडे आणि इंटरल्यूकिन-६ या दोन्हींचा प्रतिसाद कमी आढळला. मी हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा तो मला उणिवेसारखा वाटला होता. आता तसा वाटत नाही. इंटरल्यूकिन-६ आणि त्याच्या जोडीचे रेणू प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती वाढवतात, आणि प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाला आकुंचन पावायला लावते. मूत्रपिंडापासून वीतभर अंतरावर सहा महिन्यांचा गर्भ असताना शरीराने हा आवाज थोडा खाली ठेवला असेल, तर त्यात मला शहाणपण दिसते. हे माझे मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. आवाज खाली ठेवण्याची किंमत मात्र आहेच: प्रतिपिंडे कमी म्हणजे जंतू समूळ जाण्याची आणि तोच संसर्ग पुन्हा न होण्याची खात्री कमी. शिवाय लक्षणे सौम्य दिसली म्हणून धोका सौम्य ठरत नाही, कारण दाह रोखणारी यंत्रणा आणि दाह सोसणारे अवयव या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सोसण्याच्या बाबतीत गरोदर स्त्रीची बाजू लंगडी असते. तिच्या रक्तातला द्रव सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेला असतो, त्यामुळे रक्तात पाणी धरून ठेवणारे अल्ब्युमिन हे प्रथिन विरळ होते आणि केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला कमी निमित्त पुरते. अंतर्विषाने केशवाहिन्यांच्या भिंती सैल केल्या की हे पाणी फुफ्फुसांत उतरू शकते. प्रतिजैविकांनी जंतू फुटतात तेव्हा त्यांच्या आवरणातले विष एकदम मोकळे होते, म्हणून उपचार सुरू झाल्यावरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते. याच विषाने तांबड्या पेशीही फुटतात आणि हिमोग्लोबिन उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत भारतातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या होत्या, तेव्हा उतरायला हिमोग्लोबिन मुळात असते किती, हा प्रश्न आपल्याकडे अधिक टोचणारा आहे. भाचीचे १०.४ वरून ९.१ वर आले.

पहिल्या रात्री तिचे पोट अधूनमधून कडक होत होते. सासूबाईंना कळा सुरू झाल्याची भीती वाटली आणि ती भीती अनाठायी नव्हती. परिचारिकेने पोटावर पट्टा बांधला, बाळाच्या ठोक्यांचा वेग १७० च्या पुढे दिसत होता. आईला ताप आला की बाळाचे ठोके वाढतात आणि आईचा ताप उतरला की बहुधा तेही खाली येतात. कळा थांबवण्याचे औषध द्या, असा आग्रह जावयांनी धरला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाजूला बसवून सांगितले की त्यातली काही औषधे सलाईनच्या जोडीला दिली तर फुफ्फुसांत पाणी साचण्याची भीती वाढते, आणि पाणी भरून निघाले, ताप उतरला की असे आकुंचन पुष्कळदा आपोआप थांबते. पहाटेपर्यंत ते थांबले. मी तोवर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ताईला फोनवर एकेक आकडा सांगत होते आणि त्या आकड्यांमागचे काय सांगावे, काय गाळावे, याचा विचार करत होते.

शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा १०२ ताप आला, आणि औषध लागू पडत नाही, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवू या, अशी चर्चा सुरू झाली. ही चर्चा प्रत्येक घरात होते. या आजारात ताप सरळ उतरत नाही. तो दुपारी-संध्याकाळी उसळतो, पहाटे घसरतो, आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा थोडी बुटकी होत जाते. जंतू मेले तरी ऊतींत शिरलेले न्यूट्रोफिल, सुटलेले रेणू आणि वर सरकवलेले तापमान यांना मूळपदावर यायला वेळ लागतो. बहुतेक जणींचा ताप ४८ ते ७२ तासांत उतरतो. त्यानंतरही राहिला तर खडा, पू साचलेला कप्पा किंवा औषधाला न जुमानणारा जंतू यांचा शोध घ्यावा लागतो. तापाचा तक्ता पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला होता. मी जावयांना त्यावरची शिखरे एकापुढे एक दाखवली आणि श्वासाचा आकडा कुठे लिहिला आहे तेही दाखवले. हलवण्याचा विषय मागे पडला. तिसऱ्या संध्याकाळी ताप ९९.५ च्या वर गेला नाही आणि तिने पोटभर वरणभात खाल्ला.

कल्चरची थाळी तोवर आमच्याकडे उघडली होती. लघवीच्या कल्चरसाठी एका ठरावीक मापाच्या तारेच्या कडीने मिलिलिटरचा हजारावा भाग घेतात आणि तो थाळीवर पसरतात. दुसऱ्या दिवशी शंभर वसाहती उगवल्या तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू होते, असा हिशेब. हिच्या थाळीत मोजण्याजोगे काही नव्हते, निळसर-हिरव्या माध्यमाचा रंग पालटून सगळा पृष्ठभाग पिवळा पडला होता. ई. कोलाय निघाला आणि सेफ्ट्रायॅक्सोनला तो बधत होता. हे नशीब समजावे. ईएसबीएल नावाची विकरे बनवून या गटाची औषधे निष्प्रभ करणारे जंतू आमच्या लॅबमध्ये आता नवलाईचे राहिलेले नाहीत, आणि त्यांच्यासाठी मेरोपेनेमसारखे औषध काढावे लागते. गरोदर स्त्रीसाठी मुळात यादीच आखूड असते: सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा गट टाळतात, डॉक्सिसायक्लिन चालत नाही, अमिकासिन देताना बाळाच्या कानांचा विचार करावा लागतो. रिपोर्टवर नायट्रोफ्युरँटॉइनसमोर 'चालेल' असे असले तरी मूत्रपिंडाच्या संसर्गाला ते उपयोगी नाही, कारण ते लघवीत भरपूर उतरते पण मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसे साठत नाही. हाही रिपोर्ट मोबाइलवर वाचून समजण्याचा नव्हे.

या आजाराबद्दल मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती यासाठी की त्याची चाहूल आधी लागू शकते. गरोदर स्त्रियांपैकी २ ते १० टक्के जणींच्या लघवीत, त्यांना कसलाही त्रास नसताना, जंतू लाखाच्या घरात असतात. बोस्टनमध्ये एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात ही लाखाची रेघ आखली आणि दाखवले की अशा स्त्रियांवर गरोदरपणीच उपचार केले तर त्यांच्यापैकी अनेकींचा मूत्रपिंडाचा आजार टळतो. उपचार न केल्यास त्यांतल्या पाव किंवा त्याहून अधिक जणींना तो गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत गरोदर स्त्रीच्या लघवीचे कल्चर करावे आणि ते शक्य नसेल तिथे लघवीत बुडवायच्या पट्टीपेक्षा ग्रॅम रंगाची तपासणी, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, बरी, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे मात्र लघवीची तपासणी म्हणजे बहुधा प्रथिने आणि साखर. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांच्या रांगा लागतात, तिथे या दोन गोष्टी पाहिल्या जातात आणि ते आवश्यकच आहे, पण जंतू त्यांत दिसत नाहीत. खासगीत जाणाऱ्यांना कल्चर सुचवले जाते, तर खर्च आणि दोन दिवसांची वाट पाहून पुष्कळजणी लघवीच्या रुटीन तपासणीवर भागवतात. भाचीने पहिल्या भेटीत रुटीनच केले होते. पस सेल्स दोन-तीन, सगळे ठीक.

कल्चर केले तरी ते नीट पोचले पाहिजे, ही ठाण्याची खास अडचण. खोलीच्या तापमानाला ठेवलेला नमुना दोन तासांच्या आत थाळीवर जायला हवा, नाहीतर बर्फात ठेवायला हवा किंवा बोरिक ॲसिडच्या नळीत घ्यायला हवा. कासारवडवलीच्या कलेक्शन सेंटरवरून निघालेला मुलगा घोडबंदर रोडवर तासभर अडकतो, पुढे कापूरबावडीला अडकतो, आणि डिकीतल्या उष्णतेत दहा-वीस जंतूंचे काय होते ते मला थाळीवर दिसते: अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. मग निरोगी बाईचा आकडा लाखावर जातो किंवा तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवतात आणि 'नमुना दूषित, पुन्हा पाठवा' असे लिहावे लागते. त्यातल्या निम्म्याजणी पुन्हा पाठवत नाहीत, असे मला वाटते. हल्ली आम्ही त्या मुलांना बर्फाचे डबे दिले आहेत आणि नळीवर लघवी घेतल्याची वेळ लिहायला सांगितले आहे. मधल्या धारेची लघवी म्हणजे काय, हे मी स्वतः फोन करून समजावते. सेंटरवर हे सांगायला मुलगे लाजतात.

भाची घरी गेली ती गोळ्यांचा उरलेला कोर्स घेऊन, एकूण चौदा दिवसांचा. तो संपल्यावर पुन्हा कल्चर झाले, स्वच्छ आले, आणि तरीही डॉक्टरांनी रोज झोपताना नायट्रोफ्युरँटॉइनची एक गोळी लिहून दिली. ऊतीतल्या संसर्गाला निरुपयोगी ठरलेले तेच औषध इथे योग्य होते, कारण आता काम लघवीत नव्याने येणाऱ्या जंतूंना रोखण्याचे होते. "ताप नाही, जळजळ नाही, रिपोर्ट चांगला, मग गोळी कशाला?" असे ती मला विचारत राहिली. तिला मी मूत्रवाहिन्या अजून रुंदच आहेत आणि तिची प्रतिपिंडे फारशी बनली नसण्याची शक्यता आहे, हे सांगितले. एकदा हा आजार झालेलीला त्याच गरोदरपणात तो पुन्हा होण्याचा धोका राहतो, हेही सांगितले. शेवटच्या आठवड्यांत डॉक्टरांनी ती गोळी बदलून सेफॅलेक्सिन दिले, कारण नायट्रोफ्युरँटॉइनमुळे नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याची भीती असते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, नवव्यात ती चरईला ताईकडे आली, आणि दिवस पूर्ण भरल्यावर मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅमची.

बाळंतपणानंतर मूत्रवाहिन्या पूर्वीच्या मापाला यायला सहा ते बारा आठवडे लागतात. सहाव्या आठवड्याचे कल्चर मीच लावले, ४८ तासांनंतरही थाळीवर काही उगवले नाही आणि झोपतानाची गोळी बंद झाली. तीन महिन्यांनी दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी करायची आहे; उजवीकडची नळी तेव्हाही रुंद राहिली तर खडा किंवा जन्मजात अडथळा आहे का, ते पाहावे लागेल. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत कल्चर सांगायचे, हे तिने फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. सासूबाईंनी मला धण्या-जिऱ्याचे पाणी आता बंद करायचे का, असे विचारले. मी म्हटले, चालू ठेवा, पाणी तर पोटात जाते. फक्त कूस दुखली आणि थंडी वाजली तर त्यावर थांबू नका.